उसवलेली शिवण : फॅशनमधल्या डीकन्स्ट्रक्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवण बाहेर आलेला कोट, एकच खांदा असलेलं जॅकेट, कडेला दशा लोंबणारा स्कर्ट. असे कपडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला प्रश्न पडतातच, आणि ते बहुधा सारखेच असतात. शिवणकाम शिकवताना मला ते इतक्या वेळा विचारले गेले की उत्तरं एका जागी लिहून ठेवावीशी वाटली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं सांगण्यासारखं खूप आहे.

डीकन्स्ट्रक्शन म्हणजे नेमकं काय?

मराठीत यासाठी एक नेमकं क्रियापद आधीपासूनच आहे : उसवणं. शिवलेला कपडा उसवला की त्याचे तुकडे पुन्हा सपाट होतात आणि तो कसा बनला होता ते कळतं. या पद्धतीनं काम करणारा डिझायनर ते उसवणं तयार कपड्यातच राहू देतो. अस्तर बाहेर येतं. कच्चे टाके पक्क्या शिलाईनंतरही तसेच ठेवले जातात. खांद्याचं पॅड कापडाच्या वर बसतं, डार्ट (गोलाई आणण्यासाठी शिवलेली निमुळती चुणी) आत दुमडायच्या ऐवजी बाहेर उभा राहतो, बाही मुंढ्यापासून, म्हणजे ती जिथं जोडतात त्या घेरापासून, अर्धी सुटलेली असते. कपडा अंगात घालता येतो, फक्त तो कसा बनला हे लपवत नाही.

या नावाखाली दोन वेगळी कामं एकत्र येतात, आणि ती वेगळी ओळखायला शिकलं की पुढचं बरंच सोपं होतं. एक, नेहमीचीच बांधणी उघडी करून दाखवणं. दुसरं, बांधणीच बदलणं : मुंढा भलत्या जागी नेणं, खांद्याची शिवण काढून टाकणं, पुढचा आणि मागचा भाग एकाच तुकड्यातून काढणं. पहिल्यासाठी नजर हवी. दुसऱ्यासाठी भूमिती.

हा शब्द कपड्यांपर्यंत कसा पोहोचला?

तत्त्वज्ञानातून. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही संकल्पना मांडली. मराठी समीक्षेत तिला ‘विरचना’ म्हणतात. एखादी संहिता ज्या जोड्यांवर उभी असते, म्हणजे आत आणि बाहेर, मुख्य आणि दुय्यम, त्या जोड्या स्वतःच डळमळीत असतात, हे त्या संहितेच्याच आधारानं दाखवून देणं हा तिचा गाभा. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फिलिप जॉन्सन आणि मार्क विग्ली यांनी याच नावाशी नातं सांगणारं वास्तुरचनेचं प्रदर्शन भरवलं आणि शब्द डिझाइनच्या जगात खेळू लागला. १९८०चं दशक संपता संपता बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जेला यांच्या कपड्यांबद्दल लिहिणाऱ्या पत्रकारांनी तो उचलला. १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या एमी स्पिंडलर यांनी या शैलीवर मोठा लेख लिहिला, तोवर तो फॅशनचाही झालेला होता.

डिझायनरांनी देरिदा वाचून कात्री हातात घेतली, असं मात्र समजू नये. काम आधी झालं, नाव मागून आलं. तरीही नाव चपखल आहे. कपड्यात आत आणि बाहेर ही जोडी अगदी शब्दशः असते, आणि अस्तर ‘दुय्यम’ आहे हा फक्त संकेत आहे.

म्हणजे फाटके कपडेच ना?

नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो, म्हणून जरा सविस्तर.

कापड फाडून शोभा आणणं फार जुनं आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात युरोपातले भाडोत्री सैनिक वरच्या कपड्याला चिरा देऊन आतलं रंगीत कापड बाहेर ओढत, आणि ती फॅशन दरबारांपर्यंत गेली. १९३८ मध्ये एल्सा स्कियापरेली यांनी साल्वादोर दाली यांच्यासोबत एक संध्याकाळचा पायघोळ पोशाख केला. त्याच्या कापडावर फाटलेल्या मांसासारख्या दिसणाऱ्या चिरांचं छापकाम होतं. कापड अखंडच होतं, फाटणं केवळ रंगवलेलं. १९७७ मध्ये लंडनच्या झँड्रा रोड्स यांनी ‘पंक’ म्हणवणाऱ्या बंडखोर तरुणांच्या सेफ्टी पिना आणि भोकं जर्सीच्या उंची पोशाखांवर आणली, मण्यांनी नटवून.

या सगळ्यात फाटणं हे कापडावरचं अलंकरण आहे. कपड्याची बांधणी तिथं जुनीच राहते. डीकन्स्ट्रक्शनचा रोख बांधणीवर असतो, त्यामुळे एकही भोक नसलेला, नव्या कोऱ्या लोकरीचा, नीटनेटका इस्त्री केलेला कोटही डीकन्स्ट्रक्टेड असू शकतो. उलट, कारखान्यात घासून फाडलेली जीन्स बांधणीच्या दृष्टीनं अगदी परंपरानिष्ठ असते.

सुरुवात कोणी केली?

एक नाव देता येत नाही. पॅरिसमध्ये सोन्या रिकिएल यांनी १९७०च्या दशकातच विणलेल्या कपड्यांच्या शिवणी बाहेर आणल्या होत्या आणि काठ न दुमडता सोडले होते. पण वादळ उठलं ते १९८१ मध्ये, टोकियोहून रेइ कावाकुबो आणि योजी यामामोतो यांनी पॅरिसमध्ये आपले कपडे पहिल्यांदा दाखवले तेव्हा.

कावाकुबो यांनी शिवणकामाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. केओ विद्यापीठात त्या कला आणि साहित्याचा अभ्यास करत होत्या; नंतर एका कापड कंपनीत काम केलं आणि १९६९ मध्ये ‘कॉम दे गार्सों’ या नावानं कपडे बनवू लागल्या. १९८२चा त्यांचा काळा, भोकाभोकांचा स्वेटर प्रसिद्ध आहे. विणण्याच्या यंत्राचे स्क्रू सैल करून ती भोकं आणली होती, म्हणजे कुठे भोक पडेल ते पूर्णपणे कुणाच्याच हाती नव्हतं. त्यांनी त्याला लेस म्हटलं. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण इथं कापड विणल्यानंतर त्याच्यावर काही केलेलं नाही. कापड जन्मतःच तसं आहे.

पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी तेव्हा हिरोशिमाचा उल्लेख करणारी क्रूर विशेषणं वापरली. पॅरिसमध्ये उंच टाचा, रुंद खांदे, आवळलेली कंबर यांचा जोर होता, आणि हे सैल, काळे, असमान कपडे पाहून समीक्षकांना दारिद्र्य आठवलं. त्या कपड्यांत किती विचारपूर्वक कटिंग होतं, हे पाहायला त्यांना काही वर्षं लागली.

यामामोतो आणि कावाकुबो एकाच प्रकारचं काम करतात का?

दोघांची नावं कायम जोडीनं येतात, पण हात वेगळे आहेत. यामामोतो यांची आई टोकियोत कपडे शिवत असे. केओमधून कायद्याची पदवी घेतल्यावर ते आईच्या दुकानात आले आणि मग बुन्का फॅशन कॉलेजात रीतसर शिकले. ते मुळात कटर आहेत. त्यांच्या कोटात अंग आणि कापड यांच्यामध्ये मुद्दाम हवा सोडलेली असते, आणि ती हवा कुठे जमेल हे कटिंगनं ठरवलेलं असतं. कावाकुबो कल्पनेपासून निघतात आणि ती कापडात उतरवण्याचा भार त्यांच्या पॅटर्न कटरांवर, म्हणजे कपड्याचे कागदी नमुने काढणाऱ्यांवर, असतो. त्या कटरांना कधी कधी फक्त एखादा चुरगळलेला कागद किंवा एखादा शब्द मिळतो. चाकोरीबाहेरचे कटर या फॅशन घराण्यातून निघाले ते यामुळेच. जुनया वातानाबे हे त्यांतलं ठळक नाव. १९८४ मध्ये ते तिथं पॅटर्न कटर म्हणून लागले आणि १९९२ पासून स्वतःच्या नावानं संग्रह करू लागले.

जॅकेटच्या आत असं काय असतं, की ते बाहेर काढावंसं वाटावं?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो.

बाहेरून पाहिलं तर टेलरिंगचं जॅकेट म्हणजे लोकरीच्या कापडाचे मोजके तुकडे. आत मात्र थरांवर थर असतात. छातीवर घोड्याच्या केसांचं कॅनव्हास. लॅपेलच्या, म्हणजे छातीवर उलटणाऱ्या पट्टीच्या, आतल्या बाजूला शेकडो बारीक तिरपे टाके, ज्यांना पॅड स्टिच म्हणतात. प्रत्येक टाका घालताना कापड बोटावर किंचित वाकवून धरायचं असतं; असे शेकडो टाके पडले की लॅपेल त्या वळणातच राहतो, सपाट करू म्हटलं तरी होत नाही. दुमडीच्या रेषेवर एक पट्टी किंचित ताणून शिवतात, म्हणजे लॅपेल छातीला धरून राहतो. बाहीचा माथा मुंढ्याच्या घेरापेक्षा साधारण अडीच ते चार सेंटीमीटर मोठा कापलेला असतो. हे जादा कापड धावदोऱ्यानं गोळा करून वाफेच्या इस्त्रीनं जिरवायचं, एकही चुणी न दिसू देता. खांद्यात पॅड, बाहीच्या माथ्याखाली मऊ पट्टी, खिशांच्या तोंडाला आधार. आणि मग या सगळ्यावर अस्तर.

म्हणजे कपड्यातलं सर्वांत कसबाचं काम तो कपडा जिवंत असेपर्यंत कुणाला दिसतच नाही.

मी पहिल्यांदा एक जुनं जॅकेट पूर्ण उसवलं, तेव्हा लॅपेलखालचे टाके पाहत किती तरी वेळ बसून राहिले. वर ते घट्ट आणि जवळजवळ होते, खाली येता येता सैल होत गेले होते. एका जागी दोरा संपून नवा सुरू झाला होता, आणि तिथून टाक्याचा तिरपेपणाही थोडा बदलला होता. शिवणाऱ्यानं मध्ये उठून पुन्हा बसकण मारली असावी. ते अस्तराखाली पुन्हा झाकून टाकणं मला जमेना. कॅनव्हास बाहेर ठेवणारे डिझायनर कशासाठी तसं करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आज बहुतेक तयार जॅकेटांत शिवलेल्या कॅनव्हासऐवजी इस्त्रीनं चिकटवलेलं फ्यूझिंग असतं. ते उसवलं तर डिंकाचे ठिपके दिसतात. दाखवावं असं आत काही उरत नाही.

मार्जेलांचं नाव सारखं का येतं?

कारण त्यांनी या एका विचाराच्या जितक्या दिशा धुंडाळल्या, तितक्या दुसऱ्या कुणी क्वचितच. बेल्जियममधल्या गेंक इथं १९५७ मध्ये जन्म, अँटवर्पच्या रॉयल अकादमीत शिक्षण, मग पॅरिसमध्ये जाँ पॉल गोतिए यांच्याकडे सहायक. १९८८ मध्ये जेनी मेरेन्स यांच्यासोबत त्यांनी स्वतःचं घराणं सुरू केलं. पहिल्याच शोमध्ये अंगठा वेगळा असलेले ‘ताबी’ बूट घातलेल्या मॉडेल लाल रंगात पाय बुडवून पांढऱ्या कापडावरून चालल्या. पुढच्या हंगामात त्याच डागाळलेल्या कापडाची जाकिटं शिवली गेली.

पुढची काही कामं सांगते, कारण त्यांतली प्रत्येक एक वेगळा प्रश्न विचारते.

१९९१ मध्ये लष्करी मोजे उसवून स्वेटर केले. मोज्याची टाच जिथं फुगीर असते तो भाग कोपरावर आणि छातीवर बसवला. म्हणजे टाचेसाठी विणलेला आकार दुसऱ्याच अवयवासाठी कामी आला, डार्ट न घालता.

१९९४ मध्ये बाहुल्यांचे कपडे माणसाच्या मापाला, ५.२ पट, मोठे केले. नुसती नक्कल केली नाही. चुकाही त्याच पटीत मोठ्या केल्या. बाहुलीच्या सदऱ्याला बटण नेहमीच अवाढव्य असतं, टाका जाडा असतो, गळा बेढब असतो. हे सगळं जसंच्या तसं वाढवल्यावर माणसांच्या कपड्यातलं ‘बरोबर’ प्रमाण हा किती नाजूक करार आहे हे डोळ्यांना भिडतं.

१९९७ मध्ये शिंप्याच्या पुतळ्याचाच कपडा केला : पुतळ्यावरचं जाडं लिनन, त्यावरच्या छापील खुणांसकट, बिनबाह्यांच्या जाकिटासारखं अंगात घालायचं. ज्याच्यावर कपडे बेततात तोच कपडा झाला. त्याच वर्षी रॉटरडॅमच्या बोयमान्स फान ब्यूनिंगेन संग्रहालयात त्यांनी आपल्या आधीच्या १८ संग्रहांतले पोशाख पुन्हा पांढऱ्या रंगात करून त्यांच्यावर बुरशी आणि जिवाणू वाढवले. पुतळे संग्रहालयाच्या काचेबाहेर उभे होते आणि कपडे दिवसागणिक रंग बदलत होते.

त्यांच्या कोऱ्या पांढऱ्या लेबलला चार कोपऱ्यांत चार टाके असतात, आणि ते कपड्याच्या पाठीवर बाहेरून दिसतात. नाव नाही, फक्त ते कुठे शिवलं आहे याची खूण. २००९ मध्ये ते घराण्यातून बाहेर पडले.

अँटवर्पमध्येच असं काय होतं?

रॉयल अकादमी १६६३ची, तिचा फॅशन विभाग १९६३चा. चित्रकला आणि शिल्पकलेच्या शेजारी बसून विद्यार्थी शिवणकाम शिकत. १९८६ मध्ये तिथले सहा पदवीधर आपले कपडे घेऊन लंडनच्या प्रदर्शनात गेले आणि ‘अँटवर्प सिक्स’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ॲन डेमुलेमेस्टर आणि ड्रीस फान नोटेन त्यांतलेच. मार्जेला त्यांच्याच पिढीचे, पण त्या सहांत नव्हते.

चाकोरीबाहेरच्या कटिंगच्या पद्धती कोणत्या?

नेहमीची पद्धत अशी : मापं घ्यायची, कागदावर पुढा, पाठ, बाही यांचे सपाट पॅटर्न काढायचे, कापड बेतायचं आणि सपाट तुकडे जोडून गोल शरीराला बसवायचे. गोलाई आणायला डार्ट आणि शिवणी. या क्रमातली कुठलीही पायरी उलटवली की नवं काही तरी सुरू होतं.

उरेपचा विचार आधी करा. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत कापलं की तेच कापड लवचीक होतं, अंगावर ओघळतं. माद्लेन व्हिओने यांनी पॅरिसमध्ये १९१२ मध्ये स्वतःचं घराणं काढलं आणि पुढच्या दोन दशकांत चौकोन, त्रिकोण असे साधे आकार उरेपवर टांगून पोशाख केले. त्या कागदावर काढत नसत. छोट्या लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून पाहत. आज जे ‘भूमितीय कटिंग’ म्हणून शिकवलं जातं त्याचं मूळ मला तिथं दिसतं.

इस्से मियाके यांचा मार्ग वेगळा. एरवी आधी कापडाला प्लीट्स घालून मग कपडा शिवतात. त्यांनी अंतिम मापाच्या अडीच-तीन पट मोठा कपडा आधी शिवला, मग कागदाच्या दोन थरांत ठेवून उष्णता आणि दाबानं त्याला प्लीट्स पाडल्या. क्रम उलटा केल्यामुळे माप ही गोष्टच सैल झाली. १९९८ पासून दाइ फुजिवारा यांच्यासोबत केलेल्या ए-पॉक प्रकल्पात तर शिलाईच गेली : यंत्रातून नळीसारखं कापड निघतं, त्यात कपड्याच्या कडा विणलेल्याच असतात, आणि घेणाऱ्यानं स्वतः कात्रीनं रेषेवर कापून कपडा मोकळा करायचा.

ज्युलियन रॉबर्ट्स यांची ‘सबट्रॅक्शन कटिंग’ मी शिकणाऱ्यांना हटकून करायला लावते. यात पॅटर्नचे तुकडे म्हणजे कपडा नसतो. मोठ्या कापडी नळीतून भोकं कापून काढायची आणि त्या भोकांतून शरीर जाऊ द्यायचं. आकार कसा पडेल हे अंगावर चढवेपर्यंत पुरतं कळत नाही. पॅटर्नवर पक्की हुकमत असणाऱ्यांना हे सुरुवातीला फार अवघड जातं, नवख्यांना सोपं.

शिन्गो सातो पुतळ्यावरच्या कच्च्या नमुन्यावर मनाला येईल तशी रेष काढतात, तिच्यावरून कापतात आणि डार्टची गोलाई त्या नव्या शिवणीत मुरवतात. पृष्ठभागावर फक्त वळणदार रेष दिसते. डार्ट गेलेला नसतो, तिच्यात लपलेला असतो.

झीरो-वेस्ट कटिंगमध्ये कापडाचा पूर्ण पन्हा वापरायची अट स्वतःवर घालून घ्यायची असते. नेहमीच्या बेतण्यात साधारण १५ टक्के कापड कातरण म्हणून जातं, असं या क्षेत्रात धरतात. ते उरू द्यायचं नाही म्हटलं की बाहीचा आकार गळ्याच्या आकारावर अवलंबून राहू लागतो, आणि असे कपडे निघतात जे एरवी कुणाला सुचले नसते.

मुंढा हलवला तर काय होतं?

हात वर केल्यावर जॅकेट किती वर येईल हे मुंढा ठरवतो. मुंढा काखेजवळ, उंच असेल तर हात मोकळा हलतो. खोल असेल तर हातासोबत अख्खं जॅकेट उचललं जातं. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. बाही पुढे सरकवली, फिरवली किंवा पाठीवर नेली, तर कपड्याला नवी ‘उभं राहण्याची ढब’ मिळते : हात लोंबते ठेवले की छातीवर घडी पडते, पुढे घेतले की ती नाहीशी होते. असे कपडे हँगरवर विचित्र दिसतात आणि अंगात गेले की अर्थ लागतो.

कावाकुबो यांचे गाठीगाठींचे पोशाख कशासाठी होते?

१९९७च्या उन्हाळ्यासाठी त्यांनी ताणल्या जाणाऱ्या चौकड्यांच्या कापडात गाद्या भरल्या : पाठीवर, एका नितंबावर, खांद्याच्या एका बाजूला. टेलरिंगमध्ये पॅड असतातच, फक्त ते शरीराला ठरावीक आदर्शाकडे नेण्यासाठी असतात. कावाकुबो यांनी तेच साधन भलत्या जागी वापरलं, आणि कपडा कुठे संपतो नि शरीर कुठे सुरू होतं ते सांगता येईना. काही मासिकांनी गाद्या काढून छायाचित्रं घेतली, म्हणजे मुद्दाच काढून घेतला. नर्तक मर्स कनिंगहॅम यांनी मात्र त्याच वर्षी हे पोशाख रंगमंचावर आणले. फुगवटे घेऊन नाचताना नर्तकांना तोल नव्यानं सांभाळावा लागत होता. तिथं ते सर्वांत खरे वाटतात.

कड कच्ची सोडली तर कपडा उसवत जाणार नाही का?

कापडावर अवलंबून आहे, आणि थोडी काळजी घेतली तर नाही.

फेल्ट आणि उकळून आटवलेली लोकर यांचे धागे एकमेकांत अडकलेले असतात; कापा आणि सोडा. जर्सीची कड उसवत नाही, गुंडाळते. घट्ट विणीची जाड लोकर थोड्या दशा सोडते आणि थांबते. सैल विणीचं लिनन आणि व्हिस्कोज मात्र धुण्यागणिक सुटत जातात. उरेपवर कापलेली कड सरळ कापलेल्या कडेपेक्षा खूप कमी उसवते, म्हणून कच्ची कड हवी असेल तर शक्य तिथं उरेप वापरा.

आणि एक सवय लावून घ्या : कडेपासून सुमारे ५ मिलिमीटर आत, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं, बारीक टाक्याची एक टीप मारायची. दशा त्या टिपेपर्यंत येतात आणि तिथंच राहतात. शिवणीची माया बाहेर ठेवायची असेल तर ती नेहमीपेक्षा रुंद, निदान दीड-दोन सेंटीमीटर ठेवा. शिंप्यांच्या भाषेत शिवणीपलीकडच्या जादा कापडाला ‘माया’ म्हणतात हे मला नेहमी सुंदर वाटत आलं आहे. पुढं कधी कपडा सैल करावा लागला तर म्हणून ठेवलेली ती तजवीज. इथं तीच वर येऊन दिसते.

नवशिक्यानं सुरुवात कुठून करावी?

कात्रीनं नको. सीम रिपरनं, म्हणजे टाके उसवायच्या छोट्या टोकदार हत्यारानं.

शिवलेल्या कॅनव्हासचं एखादं जुनं जॅकेट मिळवा. लॅपेलच्या खाली, शेवटच्या बटणाच्या जरा वर, पुढच्या भागाचं कापड दोन बोटांत धरून थर वेगळे सरकवून पाहा. मध्ये तिसरा मोकळा थर जाणवला तर कॅनव्हास शिवलेलं आहे. उसवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर खडूनं त्याची जागा आणि उभ्या धाग्याची दिशा लिहा. हे न करणारे सगळे नंतर पस्तावतात. मग शिवलेल्याच्या उलट क्रमानं चला : आधी अस्तर, मग बाह्या, कॉलर, खांदे, शेवटी कडेच्या शिवणी. प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र घ्या.

आता एकच गोष्ट बदलून पुन्हा जोडा. फक्त एक बाही उलटी लावा, किंवा फक्त एका बाजूचं अस्तर बाहेर आणा. एकाच वेळी सगळं बदललं तर कशामुळे काय झालं हे कळणार नाही. स्वतःचा पॅटर्न काढायला लागाल तेव्हा चांगलं कापड कापण्याआधी मांजरपाटाचा कच्चा नमुना करा, अंगावर चढवा आणि त्याच्यावरच पेन्सिलीनं खुणा करा.

हे कपडे रोज घालता येतात का? धुवायचे कसे?

बरेचसे येतात. उघड्या शिवणीचा कोट हा शेवटी कोटच असतो. कॅनव्हास किंवा पॅड बाहेर असलेले कपडे पाण्यात घालू नका, ते आकसतात. बाकीचे थंड पाण्यात, हातानं, न पिळता. दशा वाढल्या तर ओढू नका, कापा.

शिवण अपुरी दिसते, तरी एवढी मेहनत कशी?

अस्तर हे अनेक चुका झाकायचं साधन आहे. ते काढलं की आतली प्रत्येक शिवण बाहेरच्याइतकी स्वच्छ हवी. उघडा कच्चा टाका खऱ्या कच्च्या टाक्यापेक्षा हळू घालावा लागतो, कारण तो राहणार आहे.

हे पर्यावरणाच्या दृष्टीनं चांगलं असतं का?

जुने कपडे वापरून केलेलं काम असेल तर कापड वाचतं. पण एक तुकडा बनायला इतके तास लागतात की त्यानं मोठ्या उत्पादनाचा प्रश्न सुटत नाही. आणि नव्या कापडाला जुनाट दिसवण्यासाठी पाणी आणि रसायनं ओतणं हे तर याच्या अगदी विरुद्ध टोकाचं. या शैलीचा पर्यावरणाला होणारा खरा उपयोग मला दुसरीकडे दिसतो : ज्याला कपडा उघडता येतो त्याला तो दुरुस्तही करता येतो.

हुसेन चलायन यांचं काम यात मोडतं का?

काठावर. १९९३ मध्ये लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्समधल्या पदवीच्या संग्रहासाठी त्यांनी कपडे लोखंडाच्या किसासोबत जमिनीत पुरले आणि गंज चढल्यावर बाहेर काढले. २००० मध्ये त्यांनी रंगमंचावर एक दिवाणखाना मांडला; खुर्च्यांची आवरणं पोशाख झाली आणि शेवटी एक मॉडेल लाकडी टेबलाच्या मध्यात उभी राहिली, टेबल वर ओढलं आणि त्याचा कड्याकड्यांचा स्कर्ट झाला. निकोसियात जन्मलेल्या या डिझायनरनं घर सोडून पळणाऱ्या माणसांबद्दल ते केलं होतं. इथं उसवलेला कपडा नाही. कपडा आणि सामान यांच्यातली सीमा उसवलेली आहे.

चुकून झालेलं आणि मुद्दाम केलेलं, हे ओळखायचं कसं?

कपडा उलटा करा. मुद्दाम कच्ची सोडलेली कड असेल तर आत ती थोपवणारी टीप सापडते. असमान लांबीचा घेर असेल तर उभा धागा कुठून कुठे जातो ते पाहा. विचारपूर्वक कापलेल्या कपड्यात प्रत्येक तुकड्याची धाग्याची दिशा ठरवलेली असते, मग बाहेरून तो कितीही वाकडा दिसो. मग अंगात घाला आणि आरशासमोर हळूहळू फिरा. चुकलेला मुंढा एकाच जागी ओढतो आणि ओढतच राहतो. जाणून हलवलेला मुंढा हात हलवल्यावर ती ओढ सोडतो, कापड दुसरीकडे पडतं, आणि ते पडणंही कुणी तरी पुतळ्यावर टाचणी लावून पाहून ठेवलेलं असतं.